‘तुमच्यात तर चालते ना?’

नाताळ जवळ आला की कॉलेजच्या पोरांच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक मजकूर फिरायला लागतो. शब्द इकडेतिकडे होतात, ऐवज तोच: ‘येशूने स्वतः पाण्याची दारू केली. चर्चमध्ये वाइन देतात. बायबलमध्ये पोटासाठी घे असं लिहिलंय. तेव्हा ख्रिश्चन पोरगा पार्टीत नको म्हणत असेल तर तो नाटक करतोय. एकदा घेतल्याने काही होत नाही.’

माझा भाचा नगरहून पुण्याला अकरावीला गेला. हॉस्टेलमध्ये सहा महिने तो ख्रिस्ती आहे हे कुणाच्या लक्षातही आलं नव्हतं. आडनाव चारचौघांसारखं, बोलणं नगरी. डिसेंबरात आईने फराळाचा डबा पाठवला, करंज्या आणि चकल्या, आणि ‘आत्ता कसला फराळ?’ या प्रश्नावर त्याला सांगावं लागलं. लगेच पुढचा प्रश्न: ‘म्हणजे तुमच्यात तर चालते ना?’ तोवर त्याचं ‘नको’ हे नुसतं ‘नको’ होतं. त्या दिवसापासून ते ढोंग ठरलं. म्हणून हे उत्तर.

आधी काना गावचं लग्न. बायबलमधल्या योहानाच्या शुभवर्तमानाच्या दुसऱ्या अध्यायात ते आहे, आणि तिथे द्राक्षारसच आहे. सरबत होतं म्हणून सारवासारव करायचं कारण नाही. पण गोष्ट नीट वाचा. ऐन लग्नात द्राक्षारस संपला. यजमानाची शोभा व्हायची वेळ आली. येशूच्या आईने, मरियेने, ते त्याच्या कानावर घातलं, आणि सहा दगडी रांजणांतल्या पाण्याचा द्राक्षारस झाला. कुठून आला हे भोजनकारभाऱ्यालाही कळलं नाही. माहीत होतं फक्त पाणी भरणाऱ्या नोकरांना. म्हणजे एका घराची लाज राखली गेली आणि तीही गाजावाजा न करता. गच्चीवर सहा जणांनी गोल करून एकाच्या हातात प्लास्टिकचा ग्लास कोंबायचा आणि त्याची शोभा करायची, याला काना गावचा दाखला देणं म्हणजे गोष्ट उलटी टांगणं आहे. कान्यात कुणी कुणाला ‘घे रे’ म्हटल्याची एकही ओळ नाही.

‘पोटासाठी घे’ हे तर मला मजकुरातलं सगळ्यात आवडतं वाक्य आहे, कारण ते लिहिणाऱ्याच्याच अंगावर येतं. बायबलमधल्या एका पत्रात प्रेषित पौल आपल्या तरुण सहकाऱ्याला, तीमथ्याला, लिहितो की यापुढे नुसतं पाणीच पीत राहू नको, तुझ्या पोटासाठी आणि वारंवारच्या दुखण्यांसाठी थोडा द्राक्षारस घे. आता सांगा, तोवर तीमथ्य काय पीत होता? पाणी! ख्रिस्ती मंडळीची जबाबदारी असलेला तरुण माणूस द्राक्षारसाला हात लावत नव्हता, आणि पौल त्याला ढोंगी म्हणत नाही. आजारी माणसाला द्यावा तसा सल्ला देतो, तोही ‘थोडा’ हा शब्द घालून. त्याच पत्रात थोडं आधी, तुझ्या तरुणपणामुळे कुणी तुला तुच्छ मानू नये, असंही आहे. ते मात्र फॉरवर्ड होत नाही.

चर्चमधली वाइन. कॅथलिक मिस्सात, म्हणजे त्यांच्या उपासनेत, ती असते, पण आपल्याकडे बहुतेक ठिकाणी भाविकांच्या जिभेवर किंवा तळहातावर फक्त भाकर येते. आमच्या प्रोटेस्टंट मंडळीत प्रभुभोजनाला, म्हणजे येशूच्या शेवटच्या जेवणाची आठवण करणाऱ्या विधीला, काळ्या मनुका उकळून गाळलेला रस असतो, बोटभर पेल्यात, जेमतेम चमचाभर. न आंबवलेल्या रसाची ही रीत फक्त आमची नाही. १८६९ साली अमेरिकेत वेल्च नावाच्या एका मेथडिस्ट दंतवैद्याने प्रभुभोजनासाठीच द्राक्षांचा रस न आंबता टिकवायची युक्ती काढली होती.

‘ख्रिस्ती घरात चालतेच’ हे अर्धं खरं आहे. वसईतल्या कित्येक लग्नांत बाटली असते, गोव्यात फेणी आहे, आणि कॅथलिक शिकवण अतिरेकाला पाप म्हणते, घोटाला नाही. उरलेलं अर्धं हिंदी सिनेमाने कधी दाखवलं नाही. त्याला झिंगलेला अंकलच पुरला. मुक्तिफौज (साल्व्हेशन आर्मी) या ख्रिस्ती पंथाचे सदस्य, त्यांच्या भाषेत ‘सैनिक’, दारू न पिण्याची लेखी शपथ घेतात. पंडिता रमाबाई १८८६ ते १८८८ या काळात अमेरिकेत होत्या, तेव्हा तिथल्या ख्रिस्ती स्त्रियांच्या दारूविरोधी संघटनेशी जोडल्या गेल्या. दोन्ही परंपरा आमच्याच. आणि समजा सगळ्या घरांत चालत असती, तरी ‘चालते’ याचा अर्थ ‘घेतलीच पाहिजे’ असा कधीपासून झाला? श्रावण न पाळणाऱ्या घरातला पोरगा आज मटण नको म्हणाला, तर त्याला कुणी नाटकी म्हणतं का?

कायद्याचं एका ओळीत: महाराष्ट्रात बिअर आणि वाइनला २१ वर्षं लागतात, कडक दारूला २५. पोरगा सोळाचा आहे.

राहिलं ‘एकदा घेतल्याने काय होतं’. हे वाक्य कधी एकटा माणूस म्हणत नाही, घोळका म्हणतो. १९५० च्या दशकात सॉलोमन ॲश या मानसशास्त्रज्ञाने साध्या रेघा दाखवून विचारलं होतं, यातल्या कुठल्या दोन सारख्या लांबीच्या? खोलीतले बाकीचे ठरवून चुकीचं उत्तर देत. डोळ्यांसमोर बरोबर रेघ असूनही हा बेत माहीत नसलेल्यांची सुमारे एक तृतीयांश उत्तरं घोळक्यामागे गेली. पण खोलीतला आणखी एक जण जरी बरोबर बोलला, तर हे प्रमाण एकदम खाली यायचं.

बायबलमधला दानीएल मला इथे आठवतो. बाबेलच्या, म्हणजे बॅबिलॉनच्या, राजवाड्यात त्यालाही राजाचं अन्न आणि राजाचा द्राक्षारस समोर आला होता. त्याने प्रवचन दिलं नाही. कारभाऱ्याला अदबीने म्हणाला, दहा दिवस आम्हाला शाकभाजी आणि पाणी देऊन बघा. ‘आम्हाला’, कारण बरोबर हनन्या, मीशाएल आणि अजऱ्या होते. मनाशी ठरवलं मात्र त्याने ताट समोर यायच्या आधी. गच्चीवर गेल्यावर ठरवायला बसलं की उशीर झालेला असतो.

भाच्याने एकतीस तारखेला लिंबू सोड्याची मोठी बाटली स्वतःच नेली. चिडवायचं ते चिडवलं. ‘फादर, आशीर्वाद द्या’ वगैरे. आम्ही प्रोटेस्टंट, आमच्याकडे फादर नसतात, पण ते कोण समजावणार. बाराच्या सुमाराला खोलीतला एक जण पाण्याच्या टाकीमागे गेला, आपला ग्लास कुंडीत ओतला आणि परत येऊन हळूच म्हणाला, ‘सोडा उरलाय का रे?’