श्वास हुंगून न्यूमोनिया ‘मिनिटांत’ कळतो का?

व्हेंटिलेटरवरच्या रुग्णाचा श्वास यंत्राने तपासला की न्यूमोनिया मिनिटांत कळतो, जंतूही ओळखता येतो, कल्चर (कफाच्या नमुन्यातले जंतू प्रयोगशाळेत वाढवून ओळखण्याची तपासणी) आता कालबाह्य झालं, असा संदेश फिरतो आहे. आयसीयूबाहेर ताटकळणारे नातेवाईक तो वाचून डॉक्टरांवर संशय घेतात, म्हणून हे लिहितो आहे.

‘श्वासात आजाराच्या खुणा असतात.’ खरं आहे. रसायनशास्त्रज्ञ लायनस पॉलिंग यांनी १९७१ मध्येच श्वासात सुमारे २५० पदार्थ दाखवले होते.

‘यंत्र थेट न्यूमोनिया ओळखतं.’ नाही. यंत्र मोजतं ती श्वासातली सेंद्रिय बाष्पं, एक अब्ज भागांत काही भाग इतकी विरळ. त्यांत नळ्यांच्या प्लास्टिकची, सॅनिटायझरची आणि गुंगीच्या प्रोपोफॉल या औषधाचीही बाष्पं मिसळतात. पोटात अन्न नसेल तर श्वासात अ‍ॅसिटोन वाढतं. संसर्ग नसतानाही फुप्फुसाला सूज येते, आणि तिचा ठसा संसर्गासारखाच दिसू शकतो.

‘जंतूही ओळखता येतो.’ स्यूडोमोनास हा जंतू प्रयोगशाळेत हायड्रोजन सायनाइड हा वायू सोडतो, यावरून ही आशा आली. पण सगळे स्यूडोमोनास ते सारखं सोडत नाहीत. शिवाय नळी घातलेल्या रुग्णाच्या श्वासमार्गात जंतू आजार न करताही वस्ती करतात. जंतू सापडला म्हणजे न्यूमोनिया झाला असं नव्हे; कल्चरचीही हीच अडचण आहे, आणि श्वासचाचणी खरी की खोटी हे बहुधा त्या कल्चरवरच ताडून पाहिलं जातं.

‘अमेरिकेत मान्यताही मिळाली.’ २०२२ मध्ये एफडीए या तिथल्या औषध-नियामक संस्थेने एका श्वासचाचणीला आपत्कालीन परवानगी दिली, पण ती कोविडसाठी, स्वतः फुंकू शकणाऱ्यांसाठी. तिथेही पॉझिटिव्ह आलं तर वेगळ्या चाचणीने खात्री करायची होती.

‘कल्चर कालबाह्य.’ सगळ्यांत घातक वाक्य हेच. कल्चरला दोन-तीन दिवस लागतात, पण कोणतं अँटिबायोटिक लागू पडेल ते मुख्यतः त्यातूनच कळतं. श्वास हे सांगत नाही.

मग या संशोधनाचा उपयोग काय? माझ्या मते, ‘न्यूमोनिया नाही’ हे लवकर सांगण्यात. समजा, संशयित १०० रुग्णांपैकी ३० जणांना न्यूमोनिया आहे. चाचणी आजारी असलेल्यांपैकी ९० टक्के पकडते आणि नसलेल्यांपैकी ७० टक्क्यांना बरोबर वगळते. तर ४८ जण पॉझिटिव्ह येतील, त्यांतले २१ चुकीचे. उरलेल्या ५२ निगेटिव्हमध्ये मात्र आजारी फक्त ३. त्या ५२ जणांची अँटिबायोटिक्स लवकर थांबवण्याचा विचार डॉक्टर करू शकतील.