लिलिथची सोडचिठ्ठी: एका प्रतिक्रियेला उत्तर

बॅबिलोनियातल्या (म्हणजे आजच्या इराकातल्या) मंत्र लिहिलेल्या वाडग्यांवरचा माझा लेख तुम्हाला 'भोंदूगिरीवर घातलेली विद्वत्तेची झूल' वाटला. उंबऱ्याखाली उपडं पुरलेलं भांडं म्हणजे भुताचा सापळा, लिहिणारा ठग आणि विकत घेणारा अडाणी, असा तुमचा हिशेब.

ठग होते, यात वाद नाही. काही वाडग्यांवर अक्षरं नाहीतच, अक्षरांसारखे फराटे आहेत. गिऱ्हाइकाला वाचता येत नाही हे ओळखून कुणीतरी हात मारलेला दिसतो. पण पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाने १८८८पासून तिथल्या निप्पूर या प्राचीन शहरात जे उत्खनन केलं, त्यातले वाडगे अभ्यासक मॉंटगोमेरी यांनी १९१३ साली छापले. ते वाचले की ठगीचा खुलासा तोकडा पडतो.

त्यांतल्या काहींत लिलिथला, म्हणजे माणसांना छळणाऱ्या हडळीला, चक्क सोडचिठ्ठी दिली आहे! लिलिथ पुरुषाला बाईच्या रूपात दिसते, बाईला पुरुषाच्या, आणि घरात ठाण मांडून बसते. जणू संसारच थाटलाय. मग तो मोडायचा कसा? ज्यू कायद्यात नवरा बायकोला लेखी 'गेट' देतो, तसंच इथे यहोशुआ बेन पेराह्या या जुन्या रब्बींच्या (ज्यू धर्मपंडितांच्या) नावाने गेट बजावलं जातं. घरमालकाची ओळख आईच्या नावाने, म्हणजे अमकीचा मुलगा अमका. लिलिथच्याही आईबापांची नावं घालतात, कारण पक्षकार कोण ते ठरल्याशिवाय कागद पक्का होत नाही.

सापळ्याचं म्हणाल तर बांधण्याची आणि मोहर मारण्याची भाषा वाडग्यांवर आहे, आणि तोंडाला तोंड लावून पुरलेल्या वाडग्यांच्या जोड्याही सापडल्यात. तेवढ्यापुरतं तुमचं बरोबर. मात्र सोडचिठ्ठीत निघून जायला सांगतात. कोंडूनच ठेवायचं असेल तर ती कशाला द्यायची?

आता अडाणीपणा. माझा स्वतःचा लिलिथवर काडीचा विश्वास नाही, हे आधी सांगून टाकतो. हे वाडगे साधारण पाचव्या ते आठव्या शतकातले, बरेचसे इराणच्या सासानी राजवटीतले. ज्यू अरामी बोलीत लिहिलेल्या वाडग्यांवर गिऱ्हाइकांची इराणी नावंही भेटतात, म्हणजे ज्यू नसलेले शेजारीपाजारीही याच लेखकाकडे येत असावेत. आणि त्याच मुलखात रचलेल्या बॅबिलोनियन तालमूद या ज्यू धर्मशास्त्राच्या ग्रंथात, जिथे गेटमधल्या नावांचा बारीक कीस काढलेला आहे, घरात एकट्याने झोपू नये, लिलिथ धरते, असंही बजावून ठेवलंय.