घरबसल्या दहशतवादी ओळखा

स्फोट झाला की पहिल्या अर्ध्या तासात तुमचं मत तयार असलं पाहिजे. पोलीस अजून पोहोचायचे असतात, फॉरेन्सिकवाल्यांची गाडी वाहतुकीत अडकलेली असते, जखमींना कुठल्या रुग्णालयात नेलं हे घरच्यांनाही कळलेलं नसतं. हीच वेळ. नंतर माहिती यायला लागते, आणि माहिती बघून मत बनवायचं म्हटलं तर आयुष्य पुरत नाही. तुम्ही फक्त एवढंच टाका: 'नाव सांगायची गरज आहे का?' नाव त्या क्षणी कोणालाच ठाऊक नसतं, त्यामुळे ते सांगायची गरज खरोखरच पडत नाही.

अटक झाली की काम आणखी सोपं होतं. पकडलेला पोरगा पंक्चर काढणारा निघाला तर म्हणायचं, 'शिकत नाहीत ना, म्हणून.' इंजिनिअर निघाला तर, 'बघा, एवढं शिकूनही!' दाढी असेल तर कट्टर, नसेल तर आपल्यात मिसळून राहिलेला. पाच वेळा नमाज पढत असेल तर प्रश्नच मिटला, पढत नसेल तर स्लीपर सेल. शेजाऱ्यांनी सांगितलं की मुलगा शांत होता, कधी कोणाच्या अध्यात नाही की मध्यात नाही, तर मग इतका शांत का होता, हे विचारायचं. या परीक्षेत कोणीही पास होऊ शकत नाही, कारण पेपर काढतानाच ती काळजी घेतलेली आहे.

काही उत्साही मंडळी ही परीक्षा घरात न घेता रस्त्यावर घेतात. २०१४ च्या जून महिन्यात पुण्यात हडपसरला नमाजाहून परतणाऱ्या एका संगणक अभियंत्याची जमावाने घेतली. फेसबुकवर कोणीतरी टाकलेल्या चित्रांशी त्याचा काडीचाही संबंध नव्हता. तो मेला. २०१७ साली काही आरोपींना जामीन देताना उच्च न्यायालयाने लिहिलं की मृताचा दोष इतकाच की तो दुसऱ्या धर्माचा होता, आणि ही गोष्ट आरोपींच्या बाजूने धरली. सर्वोच्च न्यायालयाने तो आदेश पुढे रद्द केला. २०२३ मध्ये आरोपी पुराव्याअभावी सुटले. या प्रकाराला दहशतवाद वगैरे म्हणून शब्दाची किंमत घालवू नका. ती 'तणावाच्या वातावरणातली दुर्दैवी घटना' असते.

पोलिसांनी कोणाला उचललं की एक प्रश्न मात्र चारचौघांत विचाराच: 'काहीच केलं नव्हतं तर पोलिसांनी यालाच का उचललं? मला का नाही उचललं?' बिनतोड मुद्दा आहे. फक्त तो मांडताना स्वतःचं आडनाव मोठ्याने घेऊ नका, उत्तर तिथेच मिळून जातं.

आता वर्तमानपत्रात 'मास्टरमाइंड' असा मथळा आला की तिथे थांबायचं. खालचा मजकूर वाचायचा नाही, आणि मुख्य म्हणजे पुढची वर्षं वाचायची नाहीत. मालेगावचंच घ्या. ८ सप्टेंबर २००६, शुक्रवार, शब-ए-बारात. मशिदीजवळ आणि कब्रस्तानाच्या आवारात स्फोट झाले. मेलेली माणसं बहुतेक सगळी मुसलमान. आणि पकडले कोण? नऊ मुसलमान. एखाद्या कच्च्या विद्यार्थ्याला इथे शंका येईल की आपल्याच सणाला, आपल्याच कब्रस्तानात, आपलीच माणसं कोण मारेल? शंका येऊ द्यायची नाही. 'त्यांच्यात पंथ असतात' एवढं म्हटलं की भागतं. पंथ कुठले, हे तुम्हाला कोणी विचारत नाही, कारण विचारणाऱ्यालाही ठाऊक नसतं. त्यातल्या बहुतेकांची पाच वर्षं तुरुंगात गेली. २०१६ च्या एप्रिलमध्ये विशेष न्यायालयाने त्यांना आरोपांतून मुक्त केलं. ही बातमी तुम्ही वाचली नसेल तर अभिनंदन, तुमचा अभ्यास योग्य मार्गावर आहे.

गांधीनगरच्या अक्षरधाम मंदिरावरच्या हल्ल्याच्या बाबतीत तर नशिबानेच साथ दिली. त्या खटल्यात फाशीची शिक्षा झालेल्यांसह सहा जणांना सर्वोच्च न्यायालयाने निर्दोष सोडलं ते १६ मे २०१४ रोजी. आठवतोय ना तो दिवस? लोकसभेचे निकाल लागत होते. दुसराही कुठला निकाल लागतोय हे बघायला कोणाला सवड होती?

पण सगळ्यात कस लागला तो २०२५ च्या जुलैमध्ये. ११ जुलै २००६ ला पश्चिम रेल्वेच्या लोकलमध्ये, पहिल्या वर्गाच्या डब्यांत, अकरा मिनिटांत सात स्फोट झाले होते. १८० हून अधिक माणसं गेली, आठशेच्या वर जखमी झाली. कामावरून घरी निघालेली माणसं होती ती. काही महिन्यांत तेरा जण पकडले गेले. एक जण, शाळेत शिकवणारा, नऊ वर्षं आत राहून २०१५ साली सुटला. उरलेल्या बारांपैकी पाच जणांना फाशी, सात जणांना जन्मठेप. पुढे २१ जुलै २०२५ ला मुंबई उच्च न्यायालयाने बाराच्या बारा जणांना निर्दोष ठरवलं. त्यातला एक तोवर तुरुंगातच मरून गेला होता. एकोणीस वर्षं.

अशा वेळी निकालपत्राला हात लावू नका. म्हणायचं, 'तांत्रिक मुद्द्यावर सुटले.' तांत्रिक मुद्दा म्हणजे काय, तर बॉम्ब नक्की कुठल्या प्रकारचे होते हेही सरकारी पक्षाला सिद्ध करता आलं नव्हतं. कबुलीजबाब एकमेकांवरून उतरवल्यासारखे होते. ज्या टॅक्सीवाल्यांनी आरोपींना ओळखलं, ते शंभराहून जास्त दिवस गप्प होते. यापेक्षा तांत्रिक ते काय असणार? राज्य सरकार लगोलग सर्वोच्च न्यायालयात गेलं. त्या निकालाचा दाखला इतर खटल्यांत देऊ नये, एवढी स्थगिती मिळाली. सुटलेल्यांना परत आत घातलं नाही. तुम्ही या बातमीतला 'स्थगिती' हा एकच शब्द लक्षात ठेवा.

आणि बरोबर दहा दिवसांनी, ३१ जुलैला, मालेगावचाच दुसरा निकाल आला. २९ सप्टेंबर २००८ चा स्फोट, सहा मृत्यू. सातही आरोपी निर्दोष सुटले, पुरावा पुरेसा नव्हता म्हणून. आता बघा, एकवीस तारखेला 'न्यायव्यवस्थेवरचा विश्वास उडाला' असं तुम्ही लिहिलेलं होतं. दहा दिवसांत तो परत बसवायचा होता. 'सत्यमेव जयते', 'अखेर न्याय', 'इतकी वर्षं निरपराधांचा छळ'. तुम्ही ते करून दाखवलं. तपास यंत्रणांनी खोटे पुरावे रचले, मारहाण करून कबुल्या घेतल्या, हे तुम्हाला या खेपेला सहज पटलं. तीच यंत्रणा, तेच राज्य, तेच दहशतवादविरोधी पथक. पण ते असं काही करू शकतं हे कळायला आरोपींची नावं ओळखीची असावी लागतात. (समोरच्या गटातल्या काही लोकांनीही हीच कसरत उलट्या क्रमाने केली, नाही असं नाही. त्यांना कोणीतरी वेगळा लेख लिहावा.) दोन्हीकडे मेलेल्यांच्या घरच्यांना काय मिळालं, हा प्रश्न अभ्यासक्रमात नाही.

दहशतवादविरोधी पथकाचे तेव्हाचे प्रमुख हेमंत करकरे यांच्याबद्दल काय वाटावं, हाही अवघड भाग आहे. मालेगावच्या त्या तपासापायी ते शिव्यांचे धनी होते, ते २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्रीपर्यंत. त्या रात्री ते शहीद झाले. पुढे अशोकचक्र मिळालं. मग २०१९ साली त्याच खटल्यातल्या एका आरोपीने, भोपाळच्या उमेदवाराने, मीच त्यांना शाप दिला होता असं जाहीरपणे सांगितलं, मग विधान मागे घेतलं, आणि लाखोंच्या मताधिक्याने निवडूनही आल्या. तेव्हा तारीख बघून बोला. नोव्हेंबरच्या अखेरीस फोटोला हार घालायला हरकत नाही.

बिर्याणीचा विषय निघाला नाही तर दहशतवादावरची चर्चा पूर्ण होत नाही. कसाबला तुरुंगात बिर्याणी मिळत होती, तीही आपल्या करातून. विशेष सरकारी वकील उज्ज्वल निकम यांनी २०१५ मध्ये स्वतःच सांगितलं की कसाबने बिर्याणी मागितली नव्हती आणि त्याला दिलीही नव्हती. त्याच्याबद्दल सहानुभूतीची लाट येऊ लागली होती, ती मोडायला ते आपण रचलं. सांगणाऱ्यानेच सांगितलं. मग काय झालं? बिर्याणी अजून गरम आहे. तिची वाफ दर निवडणुकीला येते. उलट उघड्या न्यायालयात, वकील देऊन, सर्वोच्च न्यायालयापर्यंत खटला चालवून, गुन्ह्याला चार वर्षं पुरी व्हायच्या आत, २१ नोव्हेंबर २०१२ ला येरवड्यात त्याला फाशी दिली, ही या देशाने केलेली खरी मर्दुमकी. पण तिला चव नाही.

यानंतर निषेधाचा तास. 'हे लोक निषेध का करत नाहीत?' असं दर हल्ल्यानंतर विचारायचं. निषेध ऐकू येईल इतकं जवळ मात्र जायचं नाही. २००८ च्या फेब्रुवारीत देवबंदला हजारो मौलवींनी जमून दहशतवाद इस्लामविरोधी असल्याचं जाहीर केलं. नोव्हेंबरच्या हल्ल्यानंतर मुंबईतल्या मोठ्या कब्रस्तानाच्या विश्वस्तांनी मारल्या गेलेल्या नऊ अतिरेक्यांना जमीन नाकारली. त्यांचे मृतदेह जे. जे. च्या शवागारात वर्षभरापेक्षा जास्त पडून राहिले. मातीही द्यायची नाही, याच्या पलीकडे निषेध तो काय करायचा? तरीही तुम्ही विचारत राहा. आणि उलटून कोणी विचारलं की हडपसरचा निषेध तुम्ही कधी केलात, तर आश्चर्याने म्हणा, 'माझा काय संबंध?'

'सगळे मुसलमान दहशतवादी नसतात, पण सगळे दहशतवादी मुसलमानच कसे?' हे वाक्य पाठ असेलच. ते म्हणताना आवाजात थोडी खंत हवी. १९८५ मध्ये कनिष्क विमानात ३२९ माणसं मेली, १९९१ मध्ये राजीव गांधींना कमरेला बांधलेल्या स्फोटकांनी मारलं, २०१० मध्ये दंतेवाड्यात एका सकाळी ७६ जवान गेले, आपल्या गडचिरोलीत २०१९ च्या महाराष्ट्रदिनी पंधरा पोलीस आणि त्यांचा चालक गेला. या सगळ्यांना वेगवेगळे कप्पे आहेत, आणि त्या कप्प्यांवरून कोणाच्या आडनावाला कधी भाड्याचं घर नाकारलं जात नाही. ३१ जुलै २०२३ ला जयपूर-मुंबई गाडीत रेल्वे सुरक्षा दलाच्या जवानाने आधी आपल्या वरिष्ठाला आणि मग डब्यांतून फिरत तीन मुसलमान प्रवाशांना गोळ्या घातल्या, तेव्हा पहिली चौकशी त्याच्या तब्येतीची झाली होती. आठवून बघा, आणखी कुठल्या मारेकऱ्याची तब्येत आपण इतक्या आपुलकीने विचारली?

तुमच्यावर कोणी पक्षपाताचा आरोप केलाच तर अब्दुल कलामांना पुढे करा. 'मी कलामांचा भक्त आहे.' सोबत वीर अब्दुल हमीद, झालंच तर श्रीरामपूरचा झहीर खान. यादी एवढीच ठेवायची. ती वाढत गेली तर अपवाद कोणाला म्हणायचं हा प्रश्न उभा राहील. २२ एप्रिल २०२५ ला पहलगामला जे २६ जण मारले गेले, त्यात एक घोडेवालाही होता, मुसलमान, स्थानिक. त्याला या यादीत घेऊ नका. पोस्टमध्ये २६ हा आकडा मात्र त्याला धरूनच लिहा.

त्या दिवशी मारेकऱ्यांनी धर्म विचारून माणसं मारली. ती उभ्या देशात आपसांत आग लागावी म्हणूनच. मग तुम्हीही मागे राहिला नाहीत. देहरादून, चंडीगडला शिकणाऱ्या काश्मिरी पोरांना दमदाटी झाली, बहिष्काराचे संदेश फिरले. सीमेपलीकडच्यांना जे इथे पेरायचं होतं, ते तुम्ही एक पैसा मानधन न घेता घरोघर पोचवलं. या सेवेची नोंद तिकडे नक्कीच घेतली गेली असेल.

पीडितांबद्दल सहानुभूती ठेवा, पण ते तोंड उघडेपर्यंतच. पहलगामला मारल्या गेलेल्या नौदल अधिकाऱ्याची पत्नी, लग्नाला जेमतेम आठवडा झालेली. तिचा पतीच्या मृतदेहाशेजारचा फोटो तुम्ही डीपीला लावला होता. दहा दिवसांतच ती म्हणाली, मुसलमानांच्या किंवा काश्मिरींच्या मागे लागू नका, आम्हाला शांतता हवी, न्याय हवा. झालं. फोटो उतरला आणि तिच्या चारित्र्याचा तपास सुरू झाला, तोही अर्ध्या तासाच्या आत. शेवटी राष्ट्रीय महिला आयोगाला मध्ये पडावं लागलं.

असेच नमुने तुमच्या ग्रुपमध्येही निघतील. लोकलच्या स्फोटात ज्यांच्या घरातलं कोणी गेलं, त्यांच्यापैकी एखादा जुलैमध्ये विचारेल, 'मग बॉम्ब ठेवले कोणी? ते लोक आज कुठे आहेत?' उच्च न्यायालयानेही साधारण हेच म्हटलं होतं: गुन्हा उकलल्याचा नुसता देखावा केला की खरा धोका मोकळाच राहतो. अशा माणसाला उत्तर देत बसू नका. त्यालाच विचारा, 'तू नक्की कोणाच्या बाजूने आहेस?' तरी गप्प बसला नाही तर काढून टाका. ॲडमिन तुम्हीच आहात ना?