अ‍ॅनफिल्डला जाणाऱ्यांनो, आधी बाहेरून चक्कर मारा

शेजारचा एक मुलगा पुढच्या महिन्यात इंग्लंडला चाललाय. परवा जिन्यात भेटला तेव्हा म्हणाला, "काकू, तुम्ही अ‍ॅनफिल्ड बघून आलात ना? टूरचे पैसे वसूल होतात का?" जिन्यात उभं राहून सांगण्यासारखं हे नव्हतं, म्हणून इथे लिहिते. अ‍ॅनफिल्ड म्हणजे लिव्हरपूल या फुटबॉल क्लबचं मैदान.

टूर घेच. पण तिकिटावरच्या वेळेच्या दोन तास आधी पोच आणि स्टेडियमला बाहेरून एक पूर्ण चक्कर मार. आत जे दिसतं ते आपण टीव्हीवर शंभरदा पाहिलेलं असतं. बाहेरचं कुणी दाखवत नाही.

मी भाच्याबरोबर गेले होते. स्टॅनली पार्क ओलांडून आम्ही चालत आलो. या बागेच्या एका अंगाला अ‍ॅनफिल्ड आणि दुसऱ्या अंगाला एव्हर्टन या प्रतिस्पर्धी क्लबचं जुनं मैदान, गुडिसन पार्क. मुळात १८८४पासून अ‍ॅनफिल्डवर खेळायचा तो एव्हर्टन. भाड्यावरून मैदानाचा मालक जॉन होल्डिंग याच्याशी बिनसलं, १८९२ साली क्लब बागेपलीकडे निघून गेला आणि होल्डिंगकडे नुसतं मैदान उरलं. त्यावर खेळायला त्याने नवा क्लब काढला, तोच लिव्हरपूल. माझं माहेर कोल्हापूरचं. शाहू स्टेडियमच्या पायऱ्यांवर दोन पेठांच्या तालमींचे फुटबॉल संघ भिडताना पाहत मी वाढले, त्यामुळे घराशेजारचं वैर किती कडवं असतं हे मला कुणी समजवायला लागलं नाही.

प्रेक्षकांच्या 'कॉप' नावाच्या स्टँडच्या कोपऱ्यात एक उंच पांढरा खांब आहे. वर झेंडा असतो. लोक त्याला टेकून फोन बघत होते. तो 'ग्रेट ईस्टर्न' या जहाजाच्या डोलकाठीचा भाग आहे. ब्रुनेल या इंग्रज इंजिनिअरने बांधलेलं हे जहाज त्या काळी जगातलं सगळ्यांत मोठं होतं. प्रवासी मिळेनात म्हणून पुढे ते समुद्राच्या तळाशी तारायंत्राच्या केबल टाकायला लावलं. १८७०मध्ये मुंबई ते एडन ही केबल त्यानेच टाकली. आपली मुंबई लंडनशी समुद्राखालून जोडली गेली ती या जहाजामुळे. शेवटी मर्सी नदीच्या काठी ते मोडीत निघालं आणि काठी इथे येऊन उभी राहिली. मी त्या खांबाला हात लावला. आतल्या 'धिस इज अ‍ॅनफिल्ड' पाटीखाली फोटो काढताना जे वाटलं नाही, ते तिथे वाटलं.

आणि 'कॉप' हे नाव! दक्षिण आफ्रिकेतल्या नाताळ प्रांतात स्पिऑन कॉप या टेकडीवर जानेवारी १९००मध्ये ब्रिटिश-बोअर युद्धातली लढाई झाली. लिव्हरपूल तेव्हा ज्यात मोडायचं त्या लँकेशायरकडची कितीतरी पोरं तिथे मेली. १९०६मध्ये इथे उभ्यानं सामना बघायचा प्रचंड उतार बांधला, तेव्हा एका स्थानिक क्रीडा संपादकाने त्याला त्या टेकडीचं नाव सुचवलं. त्याच लढाईत जखमींना डोलीतून वाहून नेणाऱ्या भारतीयांच्या तुकडीत मोहनदास गांधी होते. दिवसाला वीस-पंचवीस मैल चालावं लागे, असं त्यांनी स्वतः लिहून ठेवलंय. हे भाच्याला सांगितलं तर तो थबकलाच. "मावशी, मी इतकी वर्षं 'कॉप, कॉप' म्हणतोय," एवढंच बोलला.

आतलं थोडक्यात सांगते. ड्रेसिंग रूम, बोगदा, डगआउट सगळं बघायला मिळतं, गवतावर पाय ठेवता येत नाही. कॉपवर जाऊन बस. जिथे एकेकाळी २५,०००हून जास्त माणसं खांद्याला खांदा लावून उभी राहायची, तिथे आज साधारण १२,००० खुर्च्या आहेत. त्या खुर्च्या १९९४मध्ये आल्या आणि त्यांचं कारण पुन्हा बाहेरच आहे, मेन स्टँडपाशी असलेल्या स्मारकात.

१५ एप्रिल १९८९ला शेफील्डच्या हिल्सबरो मैदानावर एफए कप या इंग्लिश फुटबॉल स्पर्धेची उपांत्य लढत होती. लिव्हरपूलच्या प्रेक्षकांना आधीच भरलेल्या कुंपणबंद भागात सोडलं गेलं आणि माणसं उभ्या उभ्या गुदमरली. म्हणूनच पुढे उभं राहायच्या जागी खुर्च्या आल्या. मृतांचा आकडा आज ९७ आहे. सगळ्यांत लहान मुलगा १० वर्षांचा. पोलिसांनी दोष प्रेक्षकांवरच ढकलला, 'द सन' या वर्तमानपत्राने खोटं छापलं. २०१६मध्ये ज्यूरीने सांगितलं की हे मृत्यू बेकायदेशीर कृत्याने झाले, प्रेक्षकांचा दोष नव्हता. तोवर सत्तावीस वर्षं घरच्यांनी लढा सोडला नव्हता.

स्मारकावर प्रत्येकाचं नाव आहे. खाली स्कार्फ, फुलं. आमच्यापुढे काही पर्यटक त्या भिंतीला पाठ लावून, बोटांनी 'व्ही' करून सेल्फी काढत होते. मला फार लागलं ते. त्यांना बहुधा माहीत नव्हतं. पण वेळ घालवून, पैसे भरून एवढ्या लांब यायचं आणि ही भिंत कशाची आहे तेवढंही वाचायचं नाही, हे मला मान्य नाही. तिथे कॅमेरा खिशात राहू दे. नावं वाच. सगळी वाच, दहा मिनिटंसुद्धा लागत नाहीत.

मी वाचत होते आणि डोळ्यांपुढे एल्फिन्स्टन रोडचा पूल आला. २९ सप्टेंबर २०१७, सकाळचा पाऊस, अरुंद जिना, चेंगराचेंगरीत गेलेली २३ माणसं. अशीच, उभ्या उभ्या. माझं ऑफिस तेव्हा परळला होतं आणि तो पूल माझा रोजचा होता. आठवून पाहिलं, त्या २३ जणांतलं एकही नाव मला सांगता येईना.

मुंबईत परतल्यावर जुनी वर्तमानपत्रं काढून ती नावं शोधली आणि वहीत एकाखाली एक लिहून ठेवली.