लंडनमध्ये ऑयस्टर कार्ड सक्तीचं नाही

‘लंडनला उतरल्याउतरल्या ऑयस्टर कार्ड घ्या, नाहीतर बसमध्ये रोख पैसे द्या’ हा फिरणारा सल्ला चुकीचा आहे. ऑयस्टर म्हणजे लंडनच्या बस-मेट्रोसाठी आधी पैसे भरून ठेवायचं कार्ड. तिथल्या बसमध्ये 2014 पासून रोख रक्कम चालत नाही. व्हिसा किंवा मास्टरकार्डचं कॉन्टॅक्टलेस कार्ड थेट यंत्रावर टेकवा. मोठ्यांना भाडं आणि दिवसभरात कापल्या जाणाऱ्या भाड्याची कमाल मर्यादा ऑयस्टरइतकीच. बँकेचं परकीय चलन शुल्क मात्र वेगळं. आंतरराष्ट्रीय आणि कॉन्टॅक्टलेस व्यवहार इथूनच चालू करून निघा. बहुतेकांचं घोडं इथेच अडतं. प्रत्येकाला स्वतंत्र कार्ड लागतं. ट्यूबमध्ये, म्हणजे तिथल्या मेट्रोत, आत जाताना कार्ड आणि बाहेर पडताना फोन टेकवला, तर दोन अपूर्ण प्रवास धरून जादा भाडं कापतात. बसमध्ये फक्त चढतानाच टेकवायचं. 11 ते 15 वर्षांच्या मुलांसाठी मात्र ऑयस्टर घ्याच, त्यावर स्थानकातल्या कर्मचाऱ्याकडून यंग व्हिजिटर सवलत लावून मिळते.