एनओसीच्या नावाने चाललेली खंडणी

सोसायटीतला फ्लॅट विकायला सोसायटीची एनओसी लागत नाही. लागत नाही! गृहनिर्माण संस्थांचे आदर्श उपविधी, म्हणजे महाराष्ट्राच्या सहकार खात्याने सोसायट्यांसाठी घालून दिलेले नमुना नियम, काढा आणि क्रमांक 38 वाचा. भाग आणि हितसंबंधांच्या, म्हणजे सोसायटीतले शेअर्स आणि फ्लॅटवरच्या हक्काच्या, हस्तांतरणाला संस्थेच्या ना हरकत प्रमाणपत्राची गरज नाही, असं तिथे स्वच्छ दिलंय. विकणाऱ्याने 15 दिवस आधी लेखी सूचना द्यायची. कोणाला प्रमाणपत्र हवंच असेल तर त्याने अर्ज करायचा आणि कमिटीने महिन्याभरात त्याचा विचार करायचा. विषय संपला.

पण नाही संपत. कारण घेणाऱ्याला कर्ज लागतं, आणि कर्ज देणारी बँक म्हणते एनओसी आणा. साध्या कागदावर नाही, बँकेच्या नमुन्यात, सोसायटीच्या लेटरहेडवर, सही-शिक्क्यासह. म्हणजे जो कागद कायद्याने अनावश्यक ठरवला, तो बँकेच्या यादीत सक्तीचा. आणि हे एकदा कमिटीच्या लक्षात आलं की सुरू होतो तो प्रकार, ज्याला मी खंडणीच म्हणणार.

आईचा डोंबिवलीतला वन बीएचके विकतोय आम्ही. बाबा गेले, तिला एकटीला जिने झेपत नाहीत, माझ्या घराजवळ तिची सोय करायची आहे. घेणारं जोडपं तरुण, दोघंही नोकरी करणारी, पै पै जोडून टोकन दिलेलं. त्यांचं कर्ज मंजूर झालं. चेन अॅग्रीमेंट (फ्लॅटचे आधीचे करार), इंडेक्स टू (नोंदणीचा उतारा), शेअर सर्टिफिकेट, मालमत्ता कराची पावती, सगळं बँकेच्या वकिलाने तपासलं. राहिला एकच कागद. तो आणायला गेलो तर सेक्रेटरी म्हणतात, "तुझ्या आईचा मेंटेनन्स क्लिअर आहे रे, तो प्रश्नच नाही. ट्रान्सफरचे 25 हजार भर, आणि बिल्डिंग फंडाला किमतीच्या दोन टक्के दे. जनरल बॉडीचा ठराव आहे."

ठराव आहे म्हणे! अहो, ठराव करून कायद्याच्या वर जाता येतं का? हस्तांतरण अधिमूल्याची, म्हणजे या ट्रान्सफर फीची, कमाल मर्यादा शासनाने 9 ऑगस्ट 2001 च्या आदेशाने ठरवून दिली आहे. महापालिका क्षेत्रात 25 हजार रुपये, आणि त्याच्या वर देणगी, फंड, वर्गणी, कुठल्याही नावाने एक रुपया घ्यायचा नाही, हे उपविधींतही आहे. सर्वसाधारण सभेला 25 हजारांच्या आत किती घ्यायचे एवढंच ठरवता येतं. मी हे छापील घेऊन गेलो होतो. त्यांनी कागदाकडे पाहिलंसुद्धा नाही. "सगळेच देतात. चौथ्या मजल्यावरच्यांनी दिले, तळमजल्यावरच्यांनी दिले. तुलाच काय वेगळा कायदा लागतो?"

ज्या माणसाला मी लहानपणापासून काका म्हणत आलो, जो आईला वहिनी म्हणतो, बाबांच्या दहाव्याला आमच्या घरात येऊन बसला होता, तो माणूस आज तिचं घर अडवून बसलाय. याचा जो संताप येतो तो पैशांपलीकडचा आहे. चाळीस वर्षं एक तारीख न चुकवता मेंटेनन्स भरला त्या बाईने.

आणि असं समजू नका की मला कागदपत्रांचाच राग आहे. बाबांच्या पश्चात आई नॉमिनी म्हणून लागली, सोसायटीने शेअर सर्टिफिकेटवर तिचं नाव चढवलं आणि सांगून मोकळे झाले, "झालं, आता घर वहिनींचं." हे साफ चुकीचं होतं. नॉमिनी म्हणजे मालक नव्हे. 2019 च्या दुरुस्तीनंतर तर सहकार कायद्यातच आहे की खरे वारस ठरेपर्यंत नॉमिनी हा तात्पुरता सभासद. बँकेच्या वकिलाने ते बरोबर पकडलं आणि माझं व ताईचं नोंदणीकृत हक्कसोडपत्र मागितलं. ताई नागपूरहून रजा काढून आली, सही केली, दुय्यम निबंधक कार्यालयातल्या रांगेत आम्ही उभे राहिलो. त्या वकिलाबद्दल माझ्या मनात तक्रार नाही. त्याने कायद्याला लागतं तेच मागितलं. असे दहा कागद मागा, दहाही आणून देतो. जिथे सोसायटीने डोळ्यात तेल घालून बघायचं तिथे बघितलं नाही, आणि जिथे तिचा अधिकार नाही तिथे हात पसरून बसली आहे, यावर माझा राग आहे.

थकबाकी असेल तर अडवा ना. तो सोसायटीचा हक्क आहे, मीच म्हणेन अडवा. पण थकबाकी शून्य आहे असं तोंडाने सांगायचं आणि तेच लेखी द्यायला लाखाच्या आसपास मागायचे?

बरं, यांच्या कामाचा उरक बघा. इमारतीखालची जमीन आजही सोसायटीच्या नावावर नाही. 1963 च्या मोफा कायद्यानुसार, म्हणजे फ्लॅट मालकीच्या कायद्यानुसार, सोसायटी नोंदल्यानंतर चार महिन्यांत बिल्डरने कन्व्हेअन्स, म्हणजे जमीन-इमारतीची मालकी सोसायटीच्या नावावर, करून द्यायला हवा होता. त्याने दिला नाही, ठीक, बिल्डर असेच असतात. पण 2008 मध्ये मानीव अभिहस्तांतरणाची सोय झाली. बिल्डर सही करत नसेल तर सोसायटीने सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करायचा आणि जमीन नावावर करून घ्यायची. इतक्या वर्षांत एक अर्ज गेलेला नाही. सातबाऱ्यावर अजून जुन्याच मालकाचं नाव. उद्या पुनर्विकासाची वेळ आली की सगळ्यांच्या गळ्याशी येणार आहे हे. त्यासाठी कमिटीला वेळ नाही. फंड गोळा करायला आहे.

एजंट रोज फोन करतो. "दादा, देऊन टाका, कशाला डोकं लावता." तो वाईट माणूस नाही, त्याला हे गणित पाठ आहे. टोकनच्या करारात मुदत असते. घेणाऱ्याच्या कर्जमंजुरीलाही मुदत असते. सहकार खात्याच्या उपनिबंधकांकडे तक्रार करता येते, पण तिथे अर्ज, नोटीस, म्हणणं मांडणं, पुढची तारीख असं सगळं होऊन निकाल येईपर्यंत व्यवहार मोडलेला असतो. कमिटीला हे आपल्यापेक्षा चांगलं कळतं. नियम त्यांच्या विरुद्ध आहे आणि घड्याळ त्यांच्या बाजूने आहे. म्हणून चौथ्या मजल्यावरच्यांनी दिले, म्हणून तळमजल्यावरच्यांनी दिले. कोणी खुशीने दिले नाहीत.

नियमाला दात असले की काय होतं तेही बघितलंय मी. कर्ज पूर्ण फिटल्यावर मूळ कागदपत्रं परत द्यायला बँका पूर्वी महिनोन् महिने लावायच्या. "कागद कोल्हापुरात असतात", "मुंबईच्या गोदामात आहेत", "सापडत नाहीत", असली उत्तरं. रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर 2023 मध्ये आदेश काढला: 30 दिवसांत कागद परत करा आणि बोजा, म्हणजे घरावरची कर्जाची नोंद, उतरवा, बँकेच्या चुकीने उशीर झाला तर दर दिवसाला 5 हजार रुपये कर्जदाराला द्या. कागद हरवले असतील तर नकला काढायला मदत आणि खर्चही बँकेचाच. 1 डिसेंबर 2023 पासून हे लागू आहे. माझ्या मामेभावाने पुण्यातल्या घराचं कर्ज फेडलं तेव्हा शाखेतून आधी टोलवाटोलवी झाली. त्याने मेलमध्ये फक्त त्या 5 हजारांचा उल्लेख केला, आणि गोदाम सापडलं.

मग उपविधी 38 ला असा दात का नाही? कमिटीने महिन्याभरात उत्तर दिलं नाही तर काय, जास्त पैसे मागितले तर कोणाच्या खिशातून दंड, हे कुठेच ठसठशीत नाही. सभासदत्वाच्या बाबतीत निदान आहे: घेणाऱ्याच्या अर्जावर सोसायटीने तीन महिन्यांत निर्णय कळवला नाही तर तो सभासद झाला असं कायदा मानतो. तोच न्याय एनओसीला लावायला कोणाची काय हरकत आहे? महिना उलटला, उत्तर नाही, तर हरकत नाही असं धरा. एक ओळ लागते त्याला.

आणि बँकांनो, या पापात तुम्ही अर्धे भागीदार आहात. सोसायटीच्या हातात हा सुरा तुम्ही दिलाय. तुम्हाला काय हवंय? थकबाकी नाही याची खात्री, आणि तुमच्या बोजाची सोसायटीच्या दप्तरी नोंद. थकबाकीसाठी मेंटेनन्सचं शेवटचं बिल आणि पावती पुरेशी आहे. बोजाची नोंद करायला तुम्ही स्वतः सोसायटीला रजिस्टर्ड पोस्टाने पत्र पाठवा, पोच तुमच्या फाइलला लावा. विकणाऱ्याने दिलेल्या 15 दिवसांच्या सूचनेची प्रत त्यासोबत घ्या. कायद्याने माफ केलेला कागद ग्राहकाकडून सक्तीने मागून त्याला कमिटीच्या दारात भीक मागायला पाठवू नका.

मी 25 हजार चेकने भरले आहेत, पावती घेतली आहे. बाकीचा रुपया देणार नाही. अर्जाची पोच हातात आहे, उपनिबंधकांकडे तक्रार गेली आहे, आणि घेणाऱ्या जोडप्याला मी लेखी दिलंय की टोकनची मुदत आमच्याकडून वाढवून देतो, व्यवहार मोडला तर पूर्ण रक्कम परत. त्यांच्यावर हा बोजा का पडावा? आदर्श उपविधींचं ते पान मी आमच्या इमारतीच्या नोटीस बोर्डावर लावलं होतं. दुसऱ्या दिवशी काढून टाकलेलं होतं. पुन्हा लावलंय.