आरोप झाला म्हणून जोडणी तोडायची?

नवा मराठी चित्रपट प्रदर्शित झाला की त्याची चोरटी प्रत टेलिग्रामवर फिरू लागते आणि पाठोपाठ आमच्या लातूर-नांदेडकडच्या व्हॉट्सॲप गटांतून एक संदेशही फिरतो : ‘फ्रान्समध्ये तीनदा पायरसी केली की इंटरनेट कायमचे बंद होते. आपल्याकडे कायदाच नाही, म्हणून असाच कायदा आणा. ज्याने चोरी केली नाही, त्याला भीती कसली?’ पाठवणाऱ्यांची कळकळ खरी आहे, कारण कर्ज काढून चित्रपट करणाऱ्या निर्मात्याचे नुकसानही खरे आहे. संदेशातली विधाने मात्र टिकणारी नाहीत.

फ्रान्सपुरते पाहू. तिथे २००९ मध्ये चोरट्या प्रती उतरवल्याचा आरोप असलेल्यांना आधी इशारे पाठवणारी ‘आदोपी’ ही सरकारी यंत्रणा स्थापन झाली. पण न्यायालयाला वगळून इंटरनेटची जोडणी तोडण्याचा तिला दिलेला अधिकार, कायदे घटनेला धरून आहेत का हे तपासणाऱ्या तिथल्या घटना परिषदेने १० जून २००९ रोजीच रद्द केला. अभिव्यक्तीच्या साधनावर अशी बंदी प्रशासकीय यंत्रणेला घालता येणार नाही आणि गुन्हा सिद्ध होईपर्यंत माणूस निर्दोषच मानावा लागेल, ही त्यामागची कारणे होती. पुढे हा अधिकार न्यायाधीशांकडे गेला आणि इशाऱ्यांच्या प्रक्रियेतली ही शिक्षा जुलै २०१३ मध्ये सरकारनेच काढून टाकली. ‘कायमचे बंद’ असे तिथे कधीच नव्हते.

‘भीती कसली?’ या प्रश्नाचे उत्तर अधिक सविस्तर द्यायला हवे. तक्रारदाराच्या हाती लागतो तो आयपी पत्ता, म्हणजे इंटरनेटवर ओळख पटवणारा क्रमांक, आणि तो जोडणीचा असतो, माणसाचा नव्हे. लातुरात नीटची तयारी करणाऱ्या मुलांच्या अभ्यासिकेत एकाच वायफायवर कितीतरी मुले असतात. त्यांतल्या एकाने चित्रपट उतरवला तर अंधार सगळ्यांच्याच वाट्याला येईल. मोबाइल जालावर तर एकच सार्वजनिक पत्ता अनेक ग्राहकांत वाटलेला असू शकतो. वॉशिंग्टन विद्यापीठाच्या संशोधकांनी २००८ मध्ये दाखवून दिले की, काहीही उतरवू न शकणाऱ्या प्रिंटरच्या पत्त्यावरही कॉपीराइटभंगाच्या तक्रारी येतात. आणि जोडणी तुटते तेव्हा केवळ करमणूक थांबत नाही : प्रवेशपरीक्षेचा अर्ज, महाडीबीटीची शिष्यवृत्ती, बापाचा पीक विमा, हे सारे त्याच तारेवर चालते. वसतिगृहातल्या मोबाइल-बंदीला आव्हान देणाऱ्या विद्यार्थिनीच्या प्रकरणात केरळ उच्च न्यायालयाने २०१९ मध्ये इंटरनेट-वापराचा हक्क शिक्षणाच्या व खासगीपणाच्या हक्काशी जोडला. आमच्या भागातल्या मुलींसाठी हा निकाल मला फार मोलाचा वाटतो.

राहिले ‘कायदाच नाही’ हे विधान. कॉपीराइट कायद्याच्या कलम ६३ मध्ये सहा महिने ते तीन वर्षे कैद आणि पन्नास हजार ते दोन लाख रुपये दंडाची तरतूद आहे. सतत नावे बदलून उगवणारी चोरटी संकेतस्थळे रोखण्यासाठी दिल्ली उच्च न्यायालयाने २०१९ मध्ये पुढे उगवणाऱ्या नव्या नावांनाही लागू करता येईल असा, विस्तारता येणारा मनाई हुकूम दिला. त्यापुढे जाऊन २०२३ च्या चलचित्र दुरुस्ती कायद्याने चित्रपटगृहात बेकायदा चित्रण करणाऱ्याला तीन महिने ते तीन वर्षे कैद आणि किमान तीन लाख रुपये दंड ठेवला असून, तो निर्मितीखर्चाच्या पाच टक्क्यांपर्यंत वाढू शकतो. निर्मात्याने तक्रार करायची ती कॅमेरा लपवून नेणाऱ्या त्या माणसाविरुद्ध करावी, आणि तिचा निकाल पुरावा पाहून न्यायालयाने द्यावा.